मोटार हजर, मालक गैरहजर

सरकारी मोटारींच्या छतावरील लाल दिव्याविषयी या स्तंभात मी इतक्या वेळा लिहिले आहे की, ‘दिवे गेले, आता आपणही हा विषय मालवा’ असे एका वाचकाने मला मागे पत्रातून सुनावले होते. मी तो मालवणारही होतो. परंतु या आठवड्यात पुण्यातल्या एका मॉलच्या तळघरात, लिफ्टला लागून असलेल्या आणि चाकाच्या खुर्चीची पुरुषभर आकृती रंगवलेल्या जागेत, एक धिप्पाड पांढरी मोटार त्या आकृतीच्या छातीवर चाक ठेवून उभी असलेली मी पाहिली, आणि तिच्या दर्शनी काचेमागे कोणत्याशा खात्याची तांबडी पाटी वाचली, तेव्हा दिवा गेला तरी रुबाब जात नाही, या आपल्या जुन्या मताला असा सज्जड पुरावा आयता मिळाल्याचा आनंद मला दडवता आला नाही.

लाल दिवे उतरवण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जाहीर केला तो १९ एप्रिल २०१७ रोजी, आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम अंमलात आला तोही नेमका त्याच दिवशी. ज्यांचा रुबाब नाहक होता त्यांचा काढून घ्यावा आणि ज्यांचा हक्क थकला होता त्यांना तो द्यावा, असा हा दुहेरी न्याय एका तारखेत बसला. पण छतावरून उतरवलेला रुबाब बेघर होऊन हिंडत हिंडत अखेर याच रंगवलेल्या चौकोनात मुक्कामाला आला, असा माझा कयास आहे. कयासच म्हणतो, कारण शाबीत करायला माझ्यापाशी ती एक मोटार आणि बराचसा पूर्वग्रह याखेरीज काही नाही.

मला खरे नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. मुंबईच्या लोकलमधला अपंगांचा डबा घ्या. तिथे सारे आलबेल असते असे मुळीच नाही; गर्दीच्या वेळी धडधाकट माणसे त्यात बेधडक शिरतात, आणि रेल्वे अधिनियमाच्या १५५ व्या कलमान्वये त्यांना पाचशे रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. तथापि, दंडाची पावती फाटण्याच्या कितीतरी आधी त्या घुसखोराला एक शिक्षा भोगावी लागते, ती अशी की तो तिथे सदेह उपस्थित असतो. कुबडी काखेत धरून उभा असलेला प्रवासी त्याच्याकडे पाहतो, परळच्या इस्पितळातून केमोथेरपी घेऊन परतणारी बाई पाहते, कोपऱ्यातून कोणीतरी ‘कार्ड दाखवा’ म्हणतो, आणि मग तो मोबाईलमध्ये मान खुपसतो, झोपेचे सोंग घेतो, नाहीतर पुढच्या स्थानकावर निमूट उतरून शेजारच्या डब्याच्या दांडीला लोंबकळतो. कायद्याचा शिपाई तिथे क्वचितच दिसतो. बंदोबस्त चालतो तो चार डोळ्यांच्या धाकावर.

वाहनतळावर ही नजरानजर होतच नाही. मोटार हजर असते, मालक गैरहजर असतो. ज्याची जागा गेली तो अपंग चालक तळघरात एक घिरटी घालतो, जागा नाही असे पाहून रॅम्प चढून मुकाट्याने घरी जातो, आणि त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर कॉफी पीत बसलेल्या सद्गृहस्थाला आपण कोणाला परत पाठवले याची वार्ताही लागत नाही. उलट, तासाभराने खाली आल्यावर ‘बघा, जागा रिकामीच राहिली असती, कोणी आले का?’ असा निर्वाळा तो स्वतःला देऊन मोकळा होतो. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी निदान मागोमाग धापा टाकत येतो आणि त्या रुमालाचा कैवार घेऊन स्वतः भांडतो; इथे पंधरा लाखांचा रुमाल टाकून धनी सिनेमाला गेलेला असतो. लोकलमध्ये शरमणारा मनुष्य आणि तळघरात न शरमणारा मनुष्य हे बहुधा एकच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘लोकांना संस्कार नाहीत’ हे आपले आवडते रडगाणे किती पोकळ आहे ते कळते. संस्कार असतात, त्यांना साक्षीदार लागतो.

दुसरा गैरसमज अंतराचा. ही जागा लिफ्टजवळ असते म्हणून ती लाडाची आहे अशी समजूत रूढ आहे; परंतु तिचे मर्म रुंदीत आहे. सरकारी मानकाप्रमाणे ती ३.६ मीटर रुंद असावी लागते, आणि त्यातला १.२ मीटरचा आडव्या पट्ट्यांचा भाग शिल्लक राहिलेली जमीन नसून, दार पुरते उघडून खुर्ची शेजारी लावण्यासाठी सोडलेला असतो. त्यावर ‘जरासे चाक टेकवणारा’ सज्जन सबंध जागाच निकामी करतो.

तान्ह्या मुलांच्या आईबापांसाठी काही ठिकाणी निराळ्या जागा ठेवतात. त्या कायद्याने आलेल्या नाहीत, दुकानदाराच्या सौजन्याने आल्या आहेत. मूल मोटारीत असेल तर त्या आपल्या. मूल आजोळी किंवा, मी पाहिले आहे त्याप्रमाणे, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असेल तर नव्हेत. त्या भरल्या असल्या तरी बाळाच्या सबबीवर अपंगांच्या जागेत शिरू नये, कारण बाळ कडेवर घेऊन लांबून चालत येणे त्रासाचे असले तरी शक्य असते. अपंगांच्या जागेत मोटार लावण्यासाठी विलायतेत मिळणारा निळा बिल्लाही मोटारीला दिला जात नाही, माणसाला दिला जातो. तो माणूस बरोबर नसेल तर बिल्ला निरर्थक. वडिलांची मोटार घेऊन एकट्यानेच बाजाराला जाणाऱ्या आपल्याकडच्या चिरंजीवांनी एवढे ध्यानात ठेवावे. आणि उतरणाऱ्या मनुष्याचे पाय न्याहाळून ‘दिसता तर ठणठणीत’ असा शेरा इतरांनीही मारू नये. कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाही आहेत, आणि ते चालण्यावरून ओळखू येत नाहीत.

राहता राहिली व्यवस्था. अनेक मॉलचे व्यवस्थापक या जागेत एक नारिंगी शंकू ठेवून कर्तव्यमुक्त होतात. एकटाच मोटार चालवत आलेल्या अपंग माणसाने तो शंकू हलवायला खाली कसे उतरावे, हा प्रश्न त्यांच्या चाणाक्ष बुद्धीला शिवलेला नाही. त्याहून मोठी विसंगती अशी की, या शहरात बाजूला दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवर फिरणारे अपंग नागरिक पदोपदी भेटतात, आणि त्यांच्यासाठी कोठेच जागा आखलेली नसते. मोटारींचा रखवालदार त्यांना ‘टू-व्हीलर पलीकडे’ म्हणून घालवतो, आणि पलीकडे दुचाक्या अशा खेटून लावलेल्या असतात की, त्या रांगेत शिरलेली रुंद स्कूटर दुसऱ्याच्या मदतीवाचून बाहेर निघत नाही.

म्हणून व्यवस्थापकांना माझी विनंती आहे की, शंकू काढावा, त्या जागी खुर्ची टाकून रखवालदाराला बसवावे, आणि त्याला लोकांचे पाय न पाहता कार्ड पाहायला शिकवावे. घुसखोराची मोटार आढळली तर तिचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा वाचावा, म्हणजे मालक आपोआप हजर होईल. आणि लिफ्टजवळच्या एका मोटारीच्या जागेत रुंद स्कूटरसाठी पट्टे मारून द्यावेत. खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे.

— पादचारी