आमचा पंचनामा कोण करणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आभाळ फाटलं. सीना, मांजरा, गोदावरी जात विचारून गावात शिरल्या नाहीत. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकऱ्याला आधार दिला म्हणे. मी विचारतो, कोणत्या शेतकऱ्याला?

सरकारच्या लेखी शेतकरी म्हणजे सातबारा. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. सगळा हिशेब हेक्टरचा. ज्याच्या नावावर रानच नाही त्याच्या शून्याला कशानंही गुणा, शून्यच.

सोयाबीन कुणी खुरपलं? गुत्त्यानं काढायला कोण जाणार होतं? कापूस वेचायला कुणाच्या बाया वाकणार होत्या? मालकाचं पीक बुडालं त्याच दिवशी आमची दसरा-दिवाळीची मजुरी बुडाली. तिचा गट नंबर कुठला? तलाठ्याच्या फॉर्मात तिला रकाना नाही.

बटाईवाल्याचं ऐका. बी-खत अर्धं त्याचं, घाम सगळा त्याचा. अनुदान मात्र मालकाच्या खात्यात. कूळ लागेल या भीतीनं मालक कागद करत नाही, आणि कागद नाही म्हणून सरकार ओळख देत नाही. दोघांनी मिळून एकाच माणसाला नाही म्हटलं.

आणि गायरान! १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ ला शासन निर्णय निघाला: दलित-आदिवासींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करा. माझ्या बापानं त्याच्याही आधी खडक फोडून रान केलं. आजही कागदावर तो अतिक्रमणदार. आमची तूर बांधापलीकडच्या तुरीसारखीच सडली. पंचनामेवाले आमच्या बांधावरून पुढं गेले. म्हणाले, "ही सरकारी जमीन आहे." मग नुकसान काय सरकारचं झालं? त्या तुरीला पाणी काय सरकारनं घातलं होतं?

कुणी म्हणेल, बुडालेल्या शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढता काय? नाही बाबा. दोन एकरवाला कुणबीही बुडालाय. ८,५०० मध्ये त्याचं बी, खत, फवारणीही निघत नाही. त्याला जास्त द्या. आमचं भांडण त्याच्याशी नाही. आमचं भांडण माणूस सोडून जमीन मोजणाऱ्या फूटपट्टीशी आहे.

आणि आम्ही भीक मागत नाही. केंद्राच्याच २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत लिहिलंय: ज्या कुटुंबाची उपजीविका बुडाली त्यातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दरानं रोज मदत द्यावी. अशी यादी तुमच्या गावच्या ग्रामसभेत कुणी वाचून दाखवली? माझ्या गावात नाही.

तेव्हा पोरांनो, वाट बघू नका. आपल्या वस्तीची यादी आपणच करा. कुणाचे किती दिवस खाडे पडले, कुणाची बटाई बुडाली, कुणाचं गायरान वाहून गेलं, सगळं लिहा. अंगठे घ्या. मोर्चानं तहसीलवर जा, यादी टेबलावर ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. बटाईदाराची नोंद, गायरानाचा सातबारा, मजुराला बुडीत मजुरी, या तीन गोष्टी मागा.

पाण्यानं भेद केला नाही. भेद कागदानं केलाय. कागद माणसानं लिहिलाय, तो बदलताही येतो.