सगळं 'समहाऊ' चाललंय!

आपल्या कॉलेजांत सर्वात जास्त राबवला जाणारा इंग्रजी शब्द कोणता? असाइनमेंट? सबमिशन? छे! तो मान 'समहाऊ'चा. व्हायवात गाडी अडली की हा धावून येतो. "सर, समहाऊ रीडिंग चुकलं." "मॅडम, समहाऊ प्रोग्राम रनच होईना." नाचता येईना अंगण वाकडे, याचं हे नवं इंग्रजी रूप. शब्द वाईट नाही हो. आपण त्याला भलत्याच कामाला जुंपलंय, एवढंच.

आधी अर्थ बघू. ते दोन आहेत. पहिला : गोष्ट घडली, पण कशी ते ठाऊक नाही. 'समहाऊ द कॅट गॉट इन्टू द लॅब.' दारं-खिडक्या बंद, तरी मांजर आत. कसं ते कोण जाणे! दुसरा : वाटतंय खरं, पण कारण सांगता येत नाही. 'समहाऊ आय डोन्ट ट्रस्ट धिस मीटर.' का कोण जाणे, पण या मीटरवर भरवसा बसत नाही. 'आय विल समहाऊ फिनिश इट' हेही बरोबर. वाट अजून ठरलेली नाही, पण काम पूर्ण करीन.

घोळ होतो तो आपल्या 'कसं'च्या गोतावळ्यामुळे. 'कसाबसा पास झालो' याचं आपण 'आय पास्ड समहाऊ' करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा पास कसा झाला ते यालाच माहीत नाही! मुलाखतीत असं बोललात तर समोरचा मार्कशीट दोनदा तपासेल. तिथे 'बेअरली' हवं. मोटर थोडीशी गरम झाली असेल तर 'समव्हॉट'. पोटात कसंतरी होत असेल तर सरळ 'अनवेल' म्हणा. आणि 'काहीही करून उद्या फाईल पाहिजे' याला 'ॲट एनी कॉस्ट'. 'समहाऊ'त तेवढा दम नाही. सोपी कसोटी अशी : त्या जागी 'कसं कोण जाणे' किंवा 'का कोण जाणे' बसतं का? बसलं तर बिनधास्त वापरा. नाही बसलं तर दुसरा शब्द शोधा.

पण माझा खरा मुद्दा व्याकरणाचा नाही. 'समहाऊ' म्हणजे 'मला अजून कळलेलं नाही' अशी कबुली आहे. ती प्रामाणिक असेल तर लाखमोलाची. 1964 साली अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. कुठेही रोखा, खरखर आहेच. त्यांनी आत राहणारी कबुतरं हाकलली, घाण साफ केली, तरी ती जाईना. 'समहाऊ नॉइज येतोय' असं लिहून त्यांनी फाईल मिटवली असती तर? ती खरखर विश्वाच्या जन्मकाळची निघाली आणि 1978 साली दोघांना नोबेल मिळालं.

लांब कशाला जायचं? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने सर्वात कमी धोक्याचा समजला जायचा. कुणी देवाचा कोप म्हणालं, कुणी नशीब. अभ्यासकांनी मात्र पडलेल्या भिंती तपासल्या. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, त्यांना आरपार बांधणारे दगड नाहीत आणि डोक्यावर माळवदाचा मोठा भार! हलक्या छपराच्या झोपड्या त्या मानाने तगल्या. घरं 'समहाऊ' पडली नव्हती. कारण होतं आणि ते शोधल्यामुळेच पुढची घरं वेगळी बांधता आली. 2002 च्या भूकंप-संहितेत या भागाचा झोनही वाढवला गेला.

मग आपल्या जर्नलमध्ये 'समहाऊ एरर आला' एवढ्यावर पूर्णविराम कसा चालेल? वायर सैल होती का? मीटरचा शून्य सरकला होता का? की रीडिंगच शेजारच्या ग्रुपचं उतरवलं होतं? (हे कारण मात्र 'समहाऊ' कुणी लिहीत नाही!)

आपल्या मराठवाड्याच्या बोलीत एक झकास शब्द आहे : 'काहून?' कुणी 'कामून' म्हणतं. शेतात मोटर बंद पडली की आपली माणसं 'समहाऊ बंद पडली' म्हणून घरी येत नाहीत. काहून पडली ते बघतात, फ्यूज तपासतात, स्टार्टर उघडतात. आपण तर डिग्री घ्यायला निघालोय. तेव्हा 'समहाऊ' जरूर म्हणा, योग्य जागी म्हणा. पण त्याच्या पुढच्याच ओळीत स्वतःला विचारा : काहून?