मिसळीच्या आधी दहा नंबरचं लेणं

शनिवारी रात्री मुंबईहून भाच्याचा फोन आला. "मावशी, उद्या सकाळीच निघतो. तू काही करत बसू नकोस, मिसळ बाहेरच खायची ठरलीय. संध्याकाळी परत." पाठोपाठ मोबाईलवर यादी आली. मिसळ, पंचवटी, वायनरी, चिवडा, परत. 'एका दिवसात नाशिक' असं तिचं नाव. अशा याद्या हल्ली दर आठवड्याला कोणी ना कोणी मला पाठवतं आणि दर वेळी माझा जीव वरखाली होतो.

यादीत खोटं काहीच नाही. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, मोडाची मटकी, वर शेव-कांदा, शेजारी भाजलेला पापड आणि दह्याची वाटी ही मिसळ आमच्या गावाचा अभिमान आहे. द्राक्षाने या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला हात दिला, त्या द्राक्षाची वाइन पाहुण्यांनी जरूर चाखावी. माझी तक्रार वेळेच्या हिशेबाबद्दल आहे. मिसळीसाठी नाव लिहून दीड-दोन तास ताटकळायचं, पोरांना झोपाळ्यावर बसवायचं, आणि मग पंचवटीला उरतो जेमतेम अर्धा तास. काळाराम मंदिरात दर्शन घ्यायचं आणि चपला घालून निघायचं. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, हे बरोबरच्या मुलांना कोणी सांगतच नाही. सांगायला थांबावं लागतं, आणि थांबायला यादीत जागा नसते.

म्हणून भाच्याला म्हटलं, "मिसळ मिळेल, कुठे पळून जात नाही. आधी पांडवलेणी चढायची." तो कुरकुरला. त्याची सातवीतली लेक मात्र लगेच तयार झाली.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात ही चोवीस लेणी आहेत. नाव पांडवांचं असलं तरी ती बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली. पायऱ्या चढून गेलं की बहुतेक लोक तीन नंबरपाशी थबकतात, आणि ते योग्यच आहे. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम एका आईने दगडात नोंदवून ठेवला आहे. पण मी पोरीला पुढे नेलं, दहा नंबरला. हे लेणं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दान दिलेलं. ओसरीत एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीतल्या ओळी आहेत. सकाळचं ऊन तिरपं आलं की अक्षरं उठून दिसतात.

त्या ओळींत काय आहे? हिशेब आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी द्यायचे.

"आजी, थांब," म्हणत पोरीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. तिने वर पाहिलं आणि ओरडलीच, "बरोबर आलं!" भाचा बँकेत आहे. तोही उठून त्या दाराखाली उभा राहिला आणि पाऊण टक्क्याचं व्याज मांडू लागला. वर्षाचे नव्वद निघाले.

मला त्या लेखातलं आणखी एक कलम फार आवडतं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं त्यात लिहिलंय. राजाच्या जावयाने दिलेला पैसा, पण त्याची नोंद चारचौघांसमोर. आणि तो सांभाळायचा कुणी, तर विणकरांनी. राजाच्या घरातल्या माणसाने कायमची ठेव ज्यांच्या हाती द्यावी, त्या कारागिरांची पत केवढी असेल! या गावात तांबट आळी आहे, जवळच येवल्यात पैठणी विणणारे हात आहेत. त्यांच्या मुलांनी हा लेख पाहिला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात उषवदाताने नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याची नोंद आहे. त्यात तापी आहे, दमण आहे आणि डहाणूची आठवण करून देणारं एक नावही आहे. पोरगी डहाणूला चिकू खाऊन आलेली, तिला ते नाव ऐकून केवढा आनंद झाला!

मग ते मिसळीला गेले आणि तिथून वायनरीला. दुपारी पोरीचा फोन आला. "आजी, इथे पाटीवर गोवर्धन लिहिलंय! तेच का गं?" नाव तेच. गंगापूरजवळच्या ज्या गावात नाशिकची सगळ्यांत नावाजलेली वायनरी आहे, त्याचं नाव आजही गोवर्धन आहे. दर रविवारी शेकडो गाड्या त्या पाटीवरून जातात.

शहरातल्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सातवीला सरळव्याज शिकवायची वेळ आली की एक दिवस वर्ग दहा नंबरच्या लेण्यात भरवा. वही-पेन्सिल बरोबर असू द्या आणि ऊन तापायच्या आत चढा. मुलांना उत्तर आधी सांगू नका.