वहीतल्या मजकुराला वाचक हवा

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात पहिलीला बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात; आतल्या गावांत माडिया किंवा गोंडी. पुस्तक मात्र मराठी. प्राणहितेपलीकडे तेलंगण, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. बाजारात दोन-तीन भाषा सहज बोलणारे मूल वर्गात गप्प बसते आणि आपण त्याला ‘कच्चे’ ठरवतो. हा शिक्का आम्हाला मान्य नाही.

त्याची वही उघडा. फळ्यावरून उतरवलेला ‘माझी शाळा’ हा निबंध आणि खाली लाल शाईची खूण. निबंध तपासला गेला, पण वाचला कुणी? वाचणारे कुणी नसेल तर मुलाने शब्द शोधायचे तरी कशासाठी?

असा वाचक मिळवून देता येतो. फ्रान्समधल्या बार-सुर-लू या डोंगरी गावात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गातच छोटा छापखाना आणला. मुले मनातले लिहीत, काय छापायचे ते एकत्र बसून ठरवत, छपाईचे खिळेही स्वतः जुळवत. १९२६ पासून ही पाने दूर ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला टपालाने जाऊ लागली. ज्याने आपला डोंगर पाहिलेला नाही त्याला तो सांगायचा, तर आधी स्वतः नीट पाहावा लागतो.

सिरोंच्याच्या मुलांकडे सांगण्यासारखे खूप आहे. तालुक्यातल्या वडधम गावचे जीवाश्म आहेत. गोदावरीवरच्या मेडीगड्डा धरणाच्या फुगवट्याचे पाणी शेतात शिरले, हे तर त्यांनी घरातच ऐकले आहे. ‘पाणी कुठल्या बांधापर्यंत आले? तुला कसे कळले? आजोबा काय म्हणतात?’ अशा प्रश्नांची उत्तरे लिहिताना मूल मोजते, विचारून घेते, दोघांचे सांगणे जुळले नाही तर अडते. ते अडणे फार मोलाचे.

आता छापखानाही लागत नाही. वर्गातली एक भिंत, कोरे कागद आणि पान दुसऱ्या शाळेला पाठवायला गुरुजींचा मोबाईल पुरतो. पहिला खर्डा घरच्या भाषेत, देवनागरीत लिहिला तरी चालेल. निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. मराठी दुसऱ्या खर्ड्यात येईल, ऱ्हस्व-दीर्घ त्याच्याही नंतर.

‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला दर दिवाळीला वाचक मिळत आला आहे. तसाच वाचक या मुलांनाही हवा. वाचकहो, तुमच्यात शिक्षक आहेत, पालक आहेत. आपली शाळा सिरोंच्यातल्या एखाद्या शाळेशी जोडून द्या. मुलाच्या पानाला उत्तर लिहाल तेव्हा शाबासकी द्याच; तिच्याखाली, ज्याचे उत्तर खरोखर जाणून घ्यायचे आहे असा एक प्रश्नही विचारा: पाणी ओसरल्यावर त्या शेतात काय पेरले?