हाताला कोरडे, आतून कच्चे

भीमेकाठच्या सिद्धटेक पट्ट्यात ब्रिक्स मीटर काही नवलाचे नाही. उसाच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. रसात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो आणि पट्टीवरचा आकडा वर चढतो. प्रकाशाच्या या वाकण्याचे माप म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा तो 1.33 असतो.

एपॉक्सी रेझिन कितपत पक्के झाले, हेही याच मापाने पाहता येते. नळाच्या सांध्याला लावायची दोन रंगांची पुट्टी, कारखान्यातल्या फरशीचा चकचकीत थर आणि हल्ली लग्नातल्या वरमाला जपून ठेवण्यासाठी ओतले जाणारे पारदर्शक रेझिन ही सगळी त्याच कुळातली. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की रेणू एकमेकांना जखडत जाळे विणतात. ते जवळ येतात, घनता वाढते आणि अपवर्तनांकही वाढतो. वाढ दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्थळी असते, पण उपकरणाला ती पुरते. प्रयोगशाळेत प्रकाशतंतूचे टोकच रेझिनमध्ये बुडवून ठेवतात आणि टोकावरून किती प्रकाश परत येतो ते पाहतात. मिश्रण स्वतःच तापते आणि उष्णतेने अपवर्तनांक घटतो. म्हणून तापमानाची नोंद सोबत नसेल तर आकडे फसवतात.

डॉक्टरांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट याच्या पुढची आहे. आलेख चढतो आणि मग सपाट होतो. सपाट झाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. पदार्थ काचेसारखा कडक झाला की रेणूंना हलायला जागा उरत नाही आणि प्रक्रिया अर्धवट थिजते. ऊब दिली की ती पुन्हा सुरू होते. म्हणजे बोटाला कोरडा लागणारा तुकडा आतून कच्चा असू शकतो. थंडीतल्या रात्री कर्जतसारख्या ठिकाणी पत्र्याच्या खोलीत ओतलेले रेझिन सकाळी टणक दिसते, इतकेच.

दुसरी चूक प्रमाणाची. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घालणारे पुष्कळ आहेत. पॉलिएस्टर रेझिनची ही सवय एपॉक्सीला चालत नाही. इथे हार्डनर स्वतः जाळ्याचा भाग होतो. जास्तीचा जोडीदाराविना तसाच उरतो, कमी पडला तर रेझिन उरते. कितीही दिवस थांबले तरी तो उरलेला भाग पक्का होत नाही.

पूर्ण पक्के झालेले एपॉक्सी त्वचेला जवळजवळ निरुपद्रवी. कच्चे तसे नाही. त्याने ॲलर्जीचा त्वचादाह होतो, आणि एकदा शरीराने ते ओळखले की ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. पुढे थेंबभरही पुरतो. बोटांना भेगा, खाज, कधी पापण्यांवर सूज. रुग्ण गजकर्ण समजून दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणतो, दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. हात थिनरने धुण्याची पद्धत तर त्वचेचे उरलेसुरले संरक्षणही काढून घेते. ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात 'काम काय करता?' हा एक प्रश्न विचारला, तर यातले निम्मे कोडे तिथेच सुटेल. खात्रीसाठी पॅच टेस्ट आहे, पण तिच्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते.

घरी रेझिनचे काम करणाऱ्या मुलींकडे आणि प्लंबरकडे अपवर्तनांक मोजण्याचे साधन असणार नाही, असण्याची गरजही नाही. वजनकाटा हवा, कारण अंदाजाने ओतणे हेच मूळ दुखणे. नायट्राइलचे हातमोजे हवेत. साधे रबरी पुरेसे नाहीत. खिडकी उघडी हवी आणि घासकाम पूर्ण मुदत संपल्यावरच, मास्क लावून. ती मुदत कोणत्या तापमानाला किती, हे डब्यावर छापलेले असते, पण बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत. ते मराठीत आणि वाचता येईल एवढ्या आकारात छापायला उत्पादकांना फार खर्च येणार नाही. कौशल्य प्रशिक्षणाच्या वर्गांत रेझिन कला शिकवली जाते, तिथे पहिला तास साच्यांचा नव्हे, हातमोज्यांचा ठेवायला हवा.