दगडीचे इंजेक्शन आणि डेअरीचा कॅन



उसाच्या पत्रिकेत दुधाचा लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या मावळात वाढ्यावर आणि भाताच्या पेंढ्यावर जनावरे जगतात, आणि उसाचे बिल हाती पडेपर्यंत घर चालते ते डेअरीच्या पगारावर. शेतकी खात्याचा माणूस गटात गेला की नोंदीचे बोलणे पाच मिनिटांत आटोपते आणि मग गाईम्हशींचा विषय निघतो. त्यात हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "साहेब, साध्या इंजेक्शनाने आता दगडी बसत नाही. भारीतले मारावे लागते."

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. शेतकी पदविकेचा माणूस. तरी हे वाक्य मला ओळखीचे वाटते, कारण तणनाशकाच्या बाबतीत हेच ऐकलेले आहे. एकच औषध वर्षानुवर्षे, तेही अर्ध्या मात्रेने मारले, की कोवळे तण मरते आणि चिवट तेवढे उरते. पुढच्या वर्षी बी पडते ते त्या चिवटाचेच. कासेतल्या जंतूंचे तसेच आहे. तीन दिवसांचा कोर्स, पण गाय दुसऱ्या दिवशी बरी दिसली म्हणून तिसरे इंजेक्शन वाचवले, किंवा मागच्या वेळची उरलेली बाटली मेडिकलवाल्याला दाखवून तसलीच दुसरी आणली, की जे जंतू वाचतात ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. आणि तण आपल्या बांधावरच राहते, जंतू राहात नाहीत. एका जातीचा जंतू आपला हा गुण शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. गोठ्यातला गुण असा शेण, दूध आणि हात यांच्या वाटेने माणसाच्या पोटापर्यंत पोचतो.

ही गोष्ट नवी नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच अपुऱ्या डोसाचा धोका सांगितला होता. आपल्याला तर हे औषध घरचेच. खिंड उतरून पलीकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, पेनिसिलिन देशात बनू लागले आणि गरिबाच्या आवाक्यात आले. ज्या औषधाने न्यूमोनियाची पोरे वाचली, ते आता गोठ्याच्या फळीवर धूळ खात पडलेले असते आणि कोणीही उचलून टोचतो.

आता दुधाकडे येतो. इंजेक्शन दिलेल्या गाईच्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. विरजणही जंतूंचेच काम, आणि औषध त्यालाही मारते. दूध उकळले म्हणजे जंतू मरतात, पण औषधाचा अंश बहुतांशी तसाच राहतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभर ६,४३२ दुधाचे नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आकडा लहान आहे, मान्य. पण संकलन केंद्रावर एका घरचा एक कॅन शंभर घरांच्या दुधात मिसळतो, आणि तो टँकर लोणावळ्याच्या हॉटेलात गेला काय नि चिंचवडच्या बाळाच्या बाटलीत गेला काय, मागे शोध लागत नाही.

कायदा काय म्हणतो ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०१२ पासून औषध नियमांत तरतूद आहे की दुधा-मांसाच्या जनावरांच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस दूध वा मांस वापरू नये, हे छापले पाहिजे. तसा काळ ठरलेला नसेल तर दुधाला आणि अंड्याला कमीत कमी ७ दिवस, कोंबडी वा जनावराच्या मटणाला २८ दिवस. बाटली उलटी करून ही ओळ वाचा, अक्षर बारीक असले तरी.

पण खरी गोम इथेच आहे, आणि यावर माझे मत मी स्पष्ट लिहितो. दहा लिटरची गाय सात दिवस बाजूला ठेवली तर सत्तर लिटर दूध गेले. आजच्या भावाने दोन हजारांच्या वर फटका, शिवाय डॉक्टर आणि औषध वेगळे. जो प्रामाणिकपणे सांगतो त्याचा पगार कापला जातो, आणि जो गुपचूप कॅनमध्ये ओततो त्याला पूर्ण भाव मिळतो. जळीत उसाला आपण कपात लावतो, ती सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांना सारखी असते. इथे मात्र खऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला बक्षीस. असा व्यवहार ठेवून वर शेतकऱ्याला उपदेश करायचा, हे मला पटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. रोज हजार लिटर गोळा करणाऱ्या दूध संस्थेने लिटरमागे दहा पैसे बाजूला काढले तर वर्षाला छत्तीस हजार पाचशे रुपये जमतात. त्यातून दगडीच्या पंधरा गाईंचे सात-सात दिवसांचे दूध भरून देता येईल. अट एकच, डॉक्टरची चिठ्ठी, औषधाचे नाव आणि तारीख. खोटी नावे घुसतील, असे चेअरमन म्हणतील. घुसतील एखाद-दोन. उसाच्या नोंदीत घुसत नाहीत काय? त्यासाठी आपण नोंदी बंद केल्या नाहीत.

बाजूला काढलेले दूध वासराला पाजू नका, त्याच्या पोटात तेच चिवट जंतू वाढतील. विहिरीपासून दूर खड्ड्यात ओता.

दगडी होऊच नये यासाठी काय, हे महत्त्वाचे. उसात गवताळ वाढ आली तर आपण प्रतिजैविक फवारत बसतो का? टेट्रासायक्लीनने लक्षणे तेवढ्यापुरती दबतात, रोग जात नाही. आपण ५४ अंशांच्या उष्ण बाष्प हवेतून काढलेले मूलभूत बेणे आणतो आणि रोगट बेटे उपटून काढतो. गोठ्यातही तेच. आपल्याकडे जूनपासून गोठा ओला तो दसऱ्यापर्यंत. ओल्या शेणात बसलेल्या गाईची कास सुजणारच. धार काढल्यावर लगेच वैरण टाकावी, म्हणजे अर्धा तास ती उभी राहते आणि सडाचे तोंड मिटते. पहिल्या चार धारा काळ्या वाटीत घेऊन गाठी पाहाव्यात. सूज नुकतीच दिसली असेल तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगते तो लेप करून पाहावा. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून कासेला दिवसातून अनेकदा लावायचा. ताप असेल, धारेत रक्त असेल तर मात्र लेपावर वेळ न घालवता डॉक्टर बोलवा, आणि त्याने लिहिलेला कोर्स पुरा करा.

कोंबडीवाल्यांसाठी दोन शब्द. कोलिस्टिन हे माणसाला शेवटचे म्हणून राखलेले औषध कोंबडीच्या खाद्यात जात होते. २०१५ साली चीनमध्ये डुकरांच्या जंतूंत त्याला दाद न देणारा आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा गुण सापडला. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. जुनी पाकिटे कोणाकडे असतील तर वापरू नयेत. आणि आपले जे सभासद शेडमधले कोंबडी खत कच्चेच सरीत टाकतात, त्यांनी ते आधी ढीग लावून, पाणी मारून, चार-सहा आठवडे पलटी देत कुजवावे. ढीग आतून हाताला सोसवत नाही इतका तापला पाहिजे. त्याने जंतू सगळे जातात असे नाही, पण पुष्कळ कमी होतात, आणि लावणीलाही कच्च्या खताची आग लागत नाही.

येत्या वार्षिक सभेआधी आपापल्या दूध संस्थेच्या पंचांपुढे दहा पैशांचा विषय मांडा. हिशेबाचा कागद हवा असेल त्याने गट ऑफिसात मागावा, आमचे कर्मचारी करून देतील.