क्रेडोमधली एक ओळ

मिस्सेचं, म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधीचं, संगीत ऐकणारे अनेक रसिक ‘क्रेडो’ सुरू झाला की जरा सैलावतात. किरिए आर्त, ग्लोरिआ उत्सवी, आग्नुस देई मन निववणारा. मधला क्रेडो मात्र श्रद्धेची लांबलचक कबुली. सांगायचं फार, आळवायला जागा कमी. मला मात्र क्रेडोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शब्द शतकानुशतकं ठरलेले असल्यामुळे संगीतकार कुठे रेंगाळतो आणि कुठून निसटतो, हे इथे लपत नाही.

चौदाव्या शतकातला गीयोम द माशो पाहा. पाचही मुख्य भाग एकाच ज्ञात संगीतकाराने रचलेली, आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मिस्सा त्याची. तिचा क्रेडो भरभर पुढे जातो आणि कुमारी मरियेच्या नावाशी येताच लांब, संथ स्वरांवर थबकतो. रँसचं जे कॅथीड्रल माशोचं होतं, ते मरियेलाच वाहिलेलं.

क्रेडोच्या शेवटाकडे एक ओळ आहे: एका, पवित्र, कॅथोलिक आणि प्रेषितांपासून चालत आलेल्या चर्चवर माझी श्रद्धा आहे. या एका ओळीपाशी चार मोठी माणसं चार तऱ्हांनी वागली.

विल्यम बर्ड एलिझाबेथ राणीच्या शाही चॅपलचा गायक-संगीतकार आणि पक्का कॅथोलिक. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मिस्सेला हजर राहिलं तर दंड आणि तुरुंग; परदेशात शिकून आलेल्या कॅथोलिक धर्मगुरूला आसरा दिला तर प्राणाशी गाठ. १५९० च्या दशकात बर्डने तीन मिस्सा छापल्या, तीन, चार आणि पाच आवाजांसाठी. पुस्तिकांना मुखपृष्ठ नाही, साल नाही, मुद्रकाचं नाव नाही. आत पानांवर बर्डचं नाव मात्र आहे! एवढी धिटाई मला थक्क करते. सरदारांच्या घरांत, दारं लावून, मोजक्या माणसांनी गाता यावं असं हे संगीत. ही ओळ इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट प्रार्थनेतही होती. पण बंद दारांआड लॅटिनमध्ये तिचा रोख रोमकडेच होता.

बाख ल्यूथरपंथी. मरणापूर्वी, १७४८-४९ च्या सुमारास त्याने बी मायनर मिस्सा पूर्ण केली. ही ओळ त्याने खर्जातल्या एकट्या आवाजाला दिली, सोबत दोन ओबो दामोरे, चाल डुलती आणि प्रसन्न. पंथांचं भांडण तिथे ऐकूच येत नाही.

बेथोव्हनने ‘मिस्सा सोलेम्निस’ हाती घेतली ती आपला शिष्य आर्चड्यूक रुडॉल्फ आर्चबिशप होणार म्हणून. १८२० चा तो सोहळा होऊन गेला, मिस्सा पुरी व्हायला १८२३ उजाडलं. तिच्यात ही ओळ येते तेव्हा काही आवाज ती पुटपुटल्यासारखी भराभर म्हणून टाकतात आणि त्यांच्यावर बाकीचे ‘क्रेडो, क्रेडो’ असा घोष करतात. पुढे येणाऱ्या जीवनाविषयीच्या शेवटच्या शब्दांवर मात्र बेथोव्हन प्रचंड फ्यूग उभारतो. आर्चबिशपसाठी लिहिताना चर्चची ओळ इतकी दबलेली आणि अनंत जीवनाची आस इतकी मोठी, याला मी योगायोग मानत नाही.

आणि शुबर्ट. त्याने ती ओळ गाळलीच. १८१४ ते १८२८ या काळात त्याने सहा लॅटिन मिस्सा लिहिल्या. सहांतही ती नाही. वेदीवरचा धर्मगुरू पूर्ण पाठ स्वतः म्हणत असे, त्यामुळे गायनातल्या तुटीने विधी अडत नव्हता. काही मिस्सांत इतर शब्दही गळले आहेत, म्हणून काही अभ्यासक याला विसर किंवा निष्काळजीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. पहिली मिस्सा लिहिली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, शेवटची लिहिली ती मृत्यूच्या वर्षी. वाढत्या वयाबरोबर त्याचं संगीत आमूलाग्र बदललं, ही गाळलेली जागा तेवढी बदलली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईत ही कबुली मराठीत आणि गोव्यात कोकणीत म्हटली जाऊ लागली. ज्यांना ती तोंडपाठ आहे, त्यांनी शुबर्टची ई फ्लॅट मिस्सा जरूर ऐकावी. दोन टेनर आणि एक सोप्रानो येशूच्या जन्माची ओळ एकमेकांच्या हातून घेत गातात, तो भाग इतका कोवळा आहे की पुढचं काही चुकतंय याकडे लक्षच जात नाही. पाठ समोर धरून ऐकलं, तर पवित्र आत्म्यानंतर थेट बाप्तिस्मा आलेला दिसेल.